दुसऱ्याच्या वडिलांचे पाणी

विघ्नहर्त्या श्रीगणेशास, कुलस्वामिनीस आणि सूर्यकन्या तापीमातेस वंदन करून, यंदाच्या सर्वपित्री अमावास्येस सुरतेच्या घाटावर जे घडले ते लिहून ठेवतो. पितरांच्या स्मरणात स्वतःची चूक सांगणे अप्रस्तुत वाटेल. परंतु चूक पितरांच्याच बाबतीत झाली असल्यामुळे तिच्यासाठी दुसरे प्रकरण काढता येत नाही.

मी मूळचा खानदेशातला. लहानपणी पाठशाळेत राहून संस्कृत शिकलो आणि पुढे सुरतेतल्या मराठी शाळेत तेच शिकवत निवृत्त झालो. पौरोहित्य हा माझा व्यवसाय नव्हे. निवृत्तीनंतर सुरतेच्याच उधना भागात राहू लागलो, तेव्हा आमच्या गल्लीतल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांनी विचारले, "गुरुजी, अमावास्येला आम्हाला पाणी द्यायला शिकवाल का? घाटावर गर्दी फार असते, आणि तिथले महाराज गुजरातीत घाई करतात." मी होकार दिला. पहिल्या वर्षी पाच जण आले. यंदा एकतीस होते. धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे बहुतेक. दोघे-तिघे परभणीकडचे, एक वाशीमचा.

इतक्या माणसांना एकेक करून तर्पण सांगायचे म्हटले, तर मध्यान्ह टळून जातो. म्हणून मी सामुदायिक पद्धत बसवली. पितरांच्या वेळी सर्वांनी गुडघाभर पाण्यात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहायचे, उपरणे उजव्या खांद्यावर घ्यायचे, ओंजळीत काळे तीळ आणि दर्भ. मी खालच्या पायरीवर त्यांच्याकडे तोंड करून बसतो आणि एकेक वाक्य म्हणतो. ते माझ्यामागून म्हणतात आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधून पाणी सोडतात. त्या जागेला पितृतीर्थ म्हणतात.

या लोकांना ऐकू कमी येते, हे येथे सांगितले पाहिजे. बारा-बारा तास लूमच्या खडखडाटात उभे राहिलेल्या माणसाचे कान लवकर थकतात. कारखान्यात ते एकमेकांशी आवाजाने बोलतच नाहीत. समोरच्याच्या ओठांकडे बघतात आणि समजून घेतात. "धागा तुटला", "चहा आला", "शेठ आला" हे सगळे ओठांवर चालते, आणि शेठविषयी जे बोलायचे तेही. त्यामुळे घाटावर माझ्यापुढे उभे राहिले की सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले असत. शाळेत चाळीस वर्षांत इतके लक्ष मला कोणी दिले नव्हते. त्याचा मला थोडा अभिमानही झाला होता.

आता चूक. तर्पणात वडिलांचे गोत्र आणि नाव उच्चारून त्यांना तृप्त करतो असे म्हणावयाचे असते. प्रत्येकाचे नाव वेगळे, म्हणून मी प्रारंभी एकदा सांगत असे, "नमुन्यासाठी मी माझ्या वडिलांचे नाव घेईन. त्या जागी तुम्ही आपापल्या वडिलांचे घ्या." ही सूचना मी देत असे ती मंडळी धोतरे बदलत असताना, चपला कुठे ठेवाव्यात याचा विचार करीत असताना, आणि बहुधा ताम्हनात तीळ काढताना मान खाली घालून. नंतर मी संस्कृत वाक्य म्हणे, माझ्या वडिलांना पाणी देई आणि थांबे. पुढे सगळ्या आवाजांची गुणगुण होई. त्या गुणगुणीतून एकेक नाव वेगळे ऐकू येणे शक्य नव्हते. मीही अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे.

यंदा एक कामगार आपल्या मातोश्रींना घेऊन आला. हा आमच्या गल्लीतच राहणारा, पन्नाशीच्या आसपासचा, गेली अकरा वर्षे न चुकता येणारा. पाळी बदलून घेतो, पण अमावास्या चुकवत नाही. एकुलता एक मुलगा. मातोश्री गावीच असतात. वय ऐंशीच्या पुढे. त्या प्रथमच सुरतेला आल्या होत्या आणि त्यांनी येण्याचे कारणही स्पष्ट सांगितले, "हा दर साली सांगतो, पाणी दिलं. म्हटलं एकदा डोळ्यांनी बघावं. पुढच्या साली गुडघे येऊ देतील का नाही, माहीत नाही." माझ्याशी त्या जपून, शाळेतल्यासारखे मराठी बोलत. मुलाशी अहिराणीत.

मी त्यांना वरच्या पायरीवर, सावलीत बसवले. त्यांनी नदीकडे बघितले. नदीवरच्या बंधारावजा कॉजवेमुळे पाणी तिथे थांबल्यासारखे असते, काठाला जलपर्णी होती. त्या म्हणाल्या, "आमची पांझरा हिलाच येऊन मिळते. म्हणजे हे पाणी घरचंच." मी म्हणालो, "होय." त्यांचे समाधान झाले.

विधी सुरू झाला. देवांना पाणी दिले, ऋषींना दिले, मग पितर आले. मी माझ्या वडिलांचे गोत्र म्हटले, नाव म्हटले, ओंजळ सोडली आणि थांबलो. समोरून नेहमीची गुणगुण आली. तिच्यातून वरच्या पायरीवरचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"हाऊ कोन शे रे?"

मुलाने वर पाहिले. मातोश्री उठून दोन पायऱ्या खाली आल्या होत्या. त्यांचे कान चांगले होते. त्या कधी लूमवर उभ्या राहिल्या नव्हत्या.

"हाई तुना बापनं नाव नही शे," त्या म्हणाल्या. "काय करी राह्यना तू?"

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला विचारले, "तुम्ही आत्ता कोणाचे नाव घेतलेत?"

"तुम्ही घेतलं तेच," तो म्हणाला.

"ते माझ्या वडिलांचे नाव आहे."

"गुरुजी, मला वाटलं ते देवाचं नाव आहे."

त्याचे वाटणे अयोग्य नव्हते. माझ्या वडिलांचे नाव एका देवाचेच होते. मी विचारले, "मग तुमच्या वडिलांचे नाव कुठे येते असे तुम्हाला वाटत होते?"

"पुढे संस्कृतमध्ये कुठेतरी येत असेल," तो म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल."

मी बाकीच्यांना विचारले. गर्दीत आपण एकटेच वेगळे पडू नये म्हणून कोणी पटकन बोलेना. मग नंदुरबारचा एक जण म्हणाला, "माझे सात साल." दुसरा म्हणाला, "माझे नऊ." वाशीमच्या गृहस्थाने मात्र स्वतःच्या वडिलांचे नाव घेतले होते, कारण ते यंदाच प्रथम आले होते आणि अजून काळजीपूर्वक ऐकत होते. एकूण सत्तावीस जण निघाले. मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजींचे वडील एव्हाना पोहत असतील." त्याला शेजाऱ्याने कोपर मारले, पण हळू.

येथे माझ्या वडिलांविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ते अत्यंत सोवळे गृहस्थ होते. परगावी जाताना घरचे पाणी तांब्यात भरून नेत. बाहेर कोणाच्या हातचे पाणी ते प्यायले नाहीत. एकदा दोन दिवसांचा प्रवास करून आले तेव्हा तांब्या निम्मा भरलेला होता. कोणी आग्रह केला तर ते हात जोडून "तृप्त आहे" असे म्हणत आणि विषय संपवीत. अशा गृहस्थांना, त्यांच्या पश्चात, कोणत्या घरचा, कोणत्या जातीचा हे न विचारता, अलीकडे दरवर्षी वीस-पंचवीस लूम कामगार पाणी देत होते. शिवाय ते त्यांना 'आमचे वडील' म्हणून देत होते, कारण वाक्यच तसे आहे. म्हणजे मी एकुलता एक मुलगा असताना मला सत्तावीस भाऊ झाले होते, आणि मला ते कोणी कळवले नव्हते.

हे सगळे माझ्या मनात चालले असताना मातोश्री खालच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, म्हणजे अकरा वर्षं त्यांना पाणी नाही."

मी म्हणालो, "अगदी नाही असे नाही. शेवटची ओंजळ सर्वांसाठी असते. ज्यांचे कोणी नाही, जे या जन्मीचे आप्त, जे मागच्या जन्मीचे आप्त, त्या सर्वांना ती पोहोचते. त्यात त्यांचाही वाटा आला."

"म्हणजे पंगतीत शेवटी बसवलं. राहिलं तर मिळेल."

मग त्यांनी सांगितले. आवाज चढवला नाही. स्वयंपाकात काय केले ते सांगावे तसे सांगितले. त्यांच्या यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. शेवटी दवाखान्यात ठेवले होते. डॉक्टरांनी पाणी मोजूनच द्यायला सांगितले होते, कपाने. दुपारी त्यांनी पाणी मागितले. त्या दिवसाचे पाणी देऊन झाले होते. त्यांनी पुन्हा मागितले. मातोश्री म्हणाल्या, संध्याकाळी देते. संध्याकाळ झाली नाही.

"डॉक्टरांचं बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "मी पण बरोबरच केलं. पण हा सुरतेहून फोनवर सांगायचा, आई, यंदा पाणी दिलं. मला वाटायचं, चला, पोचलं एक साल."

मुलगा पाण्यात उभा होता. एवढे बोलणे त्याला ऐकू गेले नसेल असे मला वाटले. पण तो आईच्या ओठांकडे पाहत होता, म्हणजे त्याला कळले होते. त्याच्या ओंजळीतले तीळ पाण्यात पडले होते.

मी म्हणालो, "आता यथाविधी करू. वडिलांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांचे?"

त्याला ठाऊक नव्हते. आजोबा त्याच्या जन्माआधी गेले. घरात त्यांना सगळे 'म्हातारबा' म्हणत. पणजोबांचे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. भावकी गाव सोडून पांगली होती. ही दोन्ही नावे जाणणारे जगात एकच माणूस उरले होते, आणि ते पायरीवर बसले होते.

"तुम्ही सांगा," मी मातोश्रींना म्हणालो.

"मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "सासऱ्यांचं नाव आहे."

आमच्याकडे जुन्या बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत, सासऱ्याचे तर नाहीच. मातोश्रींनी बासष्ट वर्षांच्या संसारात ही तीन नावे एकदाही उच्चारली नव्हती. तलाठ्यापुढेसुद्धा शेजारीण सांगायची आणि ह्या मान डोलवायच्या. इथे शेजारीण नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, आज सांग. आजच्या दिवस." त्या म्हणाल्या, "आजच्या दिवशीच तर सगळे ऐकायला बसलेत." सगळे म्हणजे पितर, हे त्यांनी डोळ्यांनी नदीकडे दाखवून स्पष्ट केले.

अशा प्रसंगासाठी शास्त्रात सोय आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे. नाव ठाऊक नसेल तर वडिलांना पृथ्वीवर राहणारे, आजोबांना अंतरिक्षात राहणारे आणि पणजोबांना द्युलोकात राहणारे म्हणावे. मी ही सोय मातोश्रींना समजावून सांगितली.

"माझे सासरे अंतरिक्षात कधी गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "धुळ्याच्या पुढे गेले नाहीत. बकऱ्या होत्या त्यांच्या."

"ही केवळ सोय आहे, बाई."

"अकरा साल सोयीनंच झालं ना?"

बाकीचे तीस जण पाण्यात ताटकळत होते. त्यांपैकी बहुतेकांना आता स्वतःच्या आजोबा-पणजोबांविषयी शंका आली होती. काही जण बाहेर येऊन गावाकडे फोन लावू लागले. सगळेच कानांनी अधू असल्यामुळे फोन स्पीकरवर, आणि बोलणे कारखान्याच्या पट्टीत. "काका, तुमच्या आजाचं नाव काय होतं?" पलीकडून आवाज आला, "काय, जमिनीचं काही निघालं का?" एकाला काकांनी नाव सांगायच्या आधी कोणत्या वकिलाकडे गेला होतास ते विचारले. सूर्य माथ्यावर आला होता. तर्पणाला तीच वेळ उत्तम असते आणि ती थांबत नाही.

तेव्हा मला पाठशाळेत पाठ केलेले एक वचन आठवले. पती निवर्तलेल्या स्त्रीने पतीस, त्याच्या पित्यास आणि त्याच्या पितामहास नाम आणि गोत्र उच्चारून स्वतः तिलोदक द्यावे, असे ते वचन आहे. पुत्र असताना तिने द्यावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. त्या दिवशी मी मतभेदांत शिरलो नाही. मी म्हणालो, "बाई, तुम्ही स्वतः पाणी देऊ शकता. यजमानांना तुमच्या हाताने."

"माझ्या हातानं चालतं?"

"चालते."

"पण नाव घ्यावं लागेल."

"नाव घ्यावे लागेल. परंतु मोठ्याने घेतलेच पाहिजे असे नाही. ओठ हलावेत, शब्द स्पष्ट व्हावा, शेजाऱ्याला ऐकू येऊ नये, असाही उच्चार शास्त्राने मानला आहे. मोठ्याने केलेल्या जपापेक्षा तो श्रेष्ठ आहे."

त्या उठल्या. मुलाने हात धरून त्यांना पाण्यात उतरवले. लुगड्याचा काठ भिजला. मी त्यांच्या हातात दर्भ दिला, तीळ दिले. मुलगा पाणी धरून त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि मी वाक्य सांगितले. नावाच्या जागी त्या थांबल्या. मग त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. ओंजळ सुटली. दुसऱ्यांदा ओठ हलले, ओंजळ सुटली. तिसऱ्यांदा सुटली. एवढे पाणी त्यांनी फार हळू सोडले.

मग सासऱ्यांची पाळी आली. पुन्हा ओठ हलले, आवाज नाही. आणि समोरून मुलाने एक नाव मोठ्याने उच्चारले.

मातोश्री चमकल्या. "तुला कसं कळलं?"

"दिसलं," तो म्हणाला. "तीस साल हेच करतोय, आई. पुढचं घे."

त्यांनी पुढचे घेतले. या वेळी त्याला नीट दिसले नाही. "परत," तो म्हणाला. त्यांनी पदर तोंडावरून बाजूला केला आणि पुन्हा ओठ हलवले. त्याने पणजोबांचे नाव उच्चारले. त्यांनी मान डोलावली, तलाठ्यापुढे डोलावीत असतील तशीच. आसपासच्या पाच-सहा कामगारांचेही ओठ त्याच वेळी तेच नाव म्हणताना मी पाहिले. त्यांनाही दिसले होते. मी त्यांना ताबडतोब सांगितले की, हे नाव तुम्ही घ्यायचे नाही.

मग मुलाने स्वतः प्रारंभापासून तर्पण केले. वडील, आजोबा, पणजोबा, तिघांना नावांनिशी. प्रत्येक नाव घेताना तो आईकडे पाही आणि त्या मान डोलावीत. त्याच्यानंतर बाकीचे तीस जण, एकेक करून. सामुदायिक पद्धत मी त्याच दिवशी बंद केली. सगळ्यांचे होईस्तोवर दुपार बरीच कलली. कोणी तक्रार केली नाही. वाशीमच्या गृहस्थांनी मात्र सांगितले की, त्यांचे बरोबर झाले असूनही त्यांना सर्वांत शेवटी उभे केले.

निघताना मातोश्री पायरीवर लुगडे पिळत होत्या. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं? तुम्ही तुमच्या बापाला दिलं." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पण गुरुजी, आता त्यांना एकदम कमी पडेल. अकरा साल सवय लागली असेल."

मी म्हणालो की, मी त्यांना देतो, ते पुरे आहे.

"तरी पण," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पाण्यात उतरल्या. "तुमच्या वडिलांचं नाव काय ते परत सांगा. ते मला घेता येतं."

मी सांगितले. त्यांनी ते नाव खणखणीत आवाजात घेतले, घाटाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्याने, आणि ओंजळभर पाणी सोडले. मी दक्षिणेकडे पाहत उभा होतो. माझ्या वडिलांनी हात जोडून "तृप्त आहे" असे म्हटल्याचे मला ऐकू आले नाही.

वाचकहो, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची नावे तुमच्या मुलांच्या ओठांवर राहोत. तुमच्या दाराशी तहानलेला आला तर त्याला पाणी मिळो, आणि जे पाणी मागता मागता गेले त्यांनाही ते पोहोचो. तापीमाता तुमच्या कुटुंबाचे, लहानाथोरांचे, गावी राहिलेल्यांचे आणि पोटासाठी दूर गेलेल्यांचे कल्याण करो. इति शुभं भवतु.